माती नसलेल्या शेताचे प्रमाणपत्र

प्रस्तावना

बाजारात भाजी घेताना एखाद्या जुडीवर किंवा वेष्टनावर ‘सेंद्रिय’ असा शब्द छापलेला दिसतो. अशा मालासाठी ग्राहक दोन पैसे अधिक मोजतो. ती भाजी कोठे वाढली, तिला कोणते खत घातले, तिच्यावर काय फवारले, हे त्याने पाहिलेले नसते. तो विश्वास ठेवतो तो त्या एका शब्दावर. म्हणूनच हा शब्द कोणी वापरावा आणि कोणी वापरू नये, याचे नियम अनेक देशांनी केले आहेत. परंतु नियम करताना ज्याची कल्पनाही नव्हती, अशी एखादी नवी शेतीपद्धत पुढे आली तर काय करावे? प्रस्तुत पाठात अशाच एका प्रश्नाची ओळख करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• ॲक्वापोनिक्स या पद्धतीचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• सेंद्रिय प्रमाणपत्र कशाची ग्वाही देते व कशाची देत नाही, हे स्पष्ट करता येईल;
• एकाच प्रश्नाच्या दोन बाजू समतोलपणे मांडता येतील;
• ‘सेंद्रिय’, ‘निरिंद्रिय’ यांसारख्या शब्दांची घडण ओळखता येईल.

मूळ पाठ

१. टाकी आणि तराफा

एका मोठ्या टाकीत मासे पाळलेले असतात. टाकीतील पाणी नळीवाटे लांबट हौदांत जाते. हौदांवर हलके तराफे तरंगत असतात आणि त्यांच्या भोकांत लेट्यूस, तुळस, पालक यांची रोपे बसवलेली असतात. रोपांच्या मुळ्या खाली पाण्यात लोंबतात. तेथून ते पाणी पंपाच्या साहाय्याने पुन्हा माशांकडे परत येते. या शेतात नांगर नाही, बांध नाही, ढेकूळ नाही, मातीच नाही. मत्स्यपालन आणि भाजीपाला यांची अशी सांगड घालणाऱ्या पद्धतीस ॲक्वापोनिक्स असे म्हणतात.

ही पद्धत नवलाची वाटली तरी तिचा आधार निसर्गाचा एक साधा नियम आहे. माशांनी खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो पाण्यात मिसळतो. तो साचत गेला तर मासे जगणार नाहीत. परंतु हौदाच्या भिंतींवर आणि मुळ्यांवर सूक्ष्म जीवाणूंची वस्ती असते. काही जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, तर काही नायट्राइटचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. नायट्रेट हे वनस्पतींचे आवडते अन्न होय. जे माशांना विष, तेच शेवटी झाडांना खत ठरते. आणि झाडांनी ते शोषून घेतल्यामुळे माशांना पुन्हा स्वच्छ पाणी मिळते. पाणी फिरते राहत असल्याने त्याची मोठी बचत होते.

या पद्धतीला आजचे व्यवस्थित रूप देण्यात जेम्स राकोसी या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवर गोड्या पाण्याची टंचाई असते. तेथील विद्यापीठात राकोसी यांनी १९८० च्या दशकापासून तिलापिया माशांबरोबर भाज्या वाढवण्याचे प्रयोग केले. हाच मासा महाराष्ट्रातील बाजारात ‘चिलापी’ या नावाने ओळखला जातो.

मासे आणि पीक एकत्र घेण्याची कल्पना भारताला अपरिचित नाही. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात अपातानी लोक भाताच्या खाचरांतच मासे वाढवतात. केरळच्या किनारपट्टीवर पोक्काळी भाताच्या शेतांत भाताचे पीक निघाल्यानंतर कोळंबी घेतली जाते. गोव्याच्या खाजन जमिनींतही भात आणि मासळी यांचा जुना सहवास आहे. मात्र या सर्व ठिकाणी पाण्याखाली माती असते. ॲक्वापोनिक्समध्ये ती नसते, आणि वादाचे मूळ नेमके येथेच आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) अमोनियाचे रूपांतर शेवटी कोणत्या पदार्थात होते?
(आ) झिरो खोऱ्यातील शेती आणि ॲक्वापोनिक्स यांत मुख्य फरक कोणता?

२. शब्दाचे मूळ

सेंद्रिय शेतीच्या विचाराचे एक मूळ भारतात, इंदूर येथे आहे. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत आले. पुढे १९२४ पासून १९३१ पर्यंत त्यांनी इंदूर येथे काम केले. काडीकचरा, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून उत्तम खत तयार करण्याची जी रीत त्यांनी तेथे बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. १९३१ साली या विषयावर जे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या भारतीय सहकाऱ्याचेही नाव सहलेखक म्हणून आहे. भारतातील शेतकऱ्यांच्या शेतीचे बारकाईने निरीक्षण करून आपण शिकलो, हे हॉवर्ड यांनी मोकळेपणाने मान्य केले.

हॉवर्ड यांच्या विचाराचे सार असे की, माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य वेगवेगळे नसून एकच आहे. आणि त्याचा प्रारंभ मातीपासून होतो. म्हणून सेंद्रिय शेतकऱ्याचे पहिले काम पिकाला खाऊ घालणे हे नसून मातीला जिवंत ठेवणे हे होय. पुढे निरनिराळ्या देशांनी सेंद्रिय शेतीचे कायदे केले, तेव्हा हाच विचार त्यांच्या पायाशी होता.

३. प्रमाणपत्र कशाचे?

अमेरिकेत सेंद्रिय अन्नाविषयीचा कायदा १९९० साली झाला आणि त्याखालील नियम ऑक्टोबर २००२ पासून पूर्णपणे अमलात आले. ‘सेंद्रिय’ हा शब्द वापरून माल विकू इच्छिणाऱ्या उत्पादकाला सरकारमान्य प्रमाणन संस्थेकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत शेताची लेखी योजना द्यावी लागते. बी कोठून आणले, पाण्यात काय मिसळले, कीड आल्यास कोणता उपाय करणार, माल कोठे साठवणार, हे सारे त्या योजनेत नमूद करावे लागते. त्यानंतर निरीक्षक प्रत्यक्ष येऊन पाहणी करतो, आणि ही पाहणी दरवर्षी होते. नोंदवह्या पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रमाणपत्र हे भाजीच्या चवीचे किंवा सकसपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे. ती भाजी ठरवून दिलेल्या पद्धतीने वाढवली गेली, एवढीच ग्वाही ते देते. प्रयोगशाळेत एखाद्या पानात रसायनाचा अंश सापडला नाही, म्हणून ते पान सेंद्रिय ठरत नाही. आणि म्हणूनच या व्यवहारात नोंदवहीला एवढे महत्त्व आहे.

ॲक्वापोनिक्सच्या उत्पादकाची परीक्षा येथे सुरू होते. जीवाणूंच्या कार्यामुळे पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. त्याचा तोल सांभाळण्यासाठी त्यात अल्कधर्मी पदार्थ घालावा लागतो. शिवाय माशांच्या खाद्यातून झाडांना पोटॅश, कॅल्शियम आणि लोह पुरेसे मिळत नाही. तेही वरून द्यावे लागते. बाजारात यासाठी सहज मिळणारे पदार्थ पुष्कळ आहेत; परंतु त्यांतील प्रत्येक पदार्थ नैसर्गिक आहे की कृत्रिम, आणि मान्य पदार्थांच्या यादीत तो कोणत्या उपयोगासाठी बसतो, हे आधी पाहावे लागते. न विचारता ओतलेली एक पिशवी वर्षभराचे कष्ट वाया घालवू शकते.

दुसऱ्या बाजूने पाहता, ही पद्धत उत्पादकाला स्वतःच शिस्त लावते. पानांवर कीटकनाशक फवारले तर ते पाण्यात उतरून माशांना मारते. फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम हे नैसर्गिक कीटकनाशकसुद्धा माशांना अत्यंत घातक असते. माशांना प्रतिजैविक औषध दिले, तर पाणी शुद्ध करणारे जीवाणू मरू शकतात. अन्य शेतकरी निरीक्षकाच्या धाकाने जे टाळतो, ते येथे माशांच्या जिवासाठी टाळावेच लागते. ‘आमचे मासे हेच आमचे निरीक्षक’ असे या उत्पादकांना म्हणता येईल.

पाठगत प्रश्न २
(अ) सेंद्रिय प्रमाणपत्र कशाची ग्वाही देते?
(आ) या पद्धतीत फवारणी करणे धोक्याचे का असते?

४. आठ विरुद्ध सात

अमेरिकेत राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळ नावाचे पंधरा सदस्यांचे सल्लागार मंडळ आहे. त्यात शेतकरी, प्रक्रिया उद्योजक, शास्त्रज्ञ, पर्यावरणाचे आणि ग्राहकांचे प्रतिनिधी असतात. मातीविना होणाऱ्या शेतीला सेंद्रिय म्हणू नये, अशी शिफारस या मंडळाने २०१० साली केली होती. परंतु कृषी खात्याने ती अमलात आणली नाही. काही प्रमाणन संस्था अशा उत्पादकांना प्रमाणपत्र देत राहिल्या, तर काही देत नव्हत्या. एकच शब्द, एकच कायदा, आणि दोन दारी दोन उत्तरे, अशी स्थिती निर्माण झाली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे या प्रश्नावर मतदान झाले. मातीत पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे होते की, माती सुपीक करण्यासाठी त्यांनी पीक फेरपालट, हिरवळीची खते आणि कंपोस्ट यांवर वर्षानुवर्षे कष्ट घेतले आहेत. हे कष्ट म्हणजेच सेंद्रिय शेती होय. ज्या पद्धतीत मातीच नाही, तिने हा शब्द घेतला तर तो पोकळ होईल. माशांचे खाद्य बाहेरून विकत आणावे लागते, म्हणजे झाडांचे पोषणही बाहेरूनच येते, असा त्यांचा आणखी एक मुद्दा होता. माशांची विष्ठा हे कच्चे खतच आहे. जमिनीत कच्चे शेणखत घातल्यावर काढणीपर्यंत ९० किंवा १२० दिवस थांबण्याचा नियम असताना येथे ती सूट का, असेही विचारले गेले.

मातीविना पीक घेणाऱ्यांनीही आपली बाजू मांडली. त्यांच्या मते सेंद्रियतेचे सार मातीच्या कणांत नसून तिच्यातील जीवनचक्रात आहे. जीवाणूंनी टाकाऊ द्रव्याचे अन्न करावे आणि वनस्पतींनी ते घ्यावे, हे चक्र त्यांच्या हौदांतही फिरते. ज्या गावी जमीन नापीक आहे, पाणी तुटपुंजे आहे, किंवा ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याने सेंद्रिय शेतीच्या दाराबाहेरच उभे राहावे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

ॲक्वापोनिक्सवर बंदी घालण्याचा प्रस्ताव आठ विरुद्ध सात मतांनी फेटाळला गेला. जानेवारी २०१८ मध्ये कृषी खात्याने अशा शेतीला प्रमाणपत्र देता येते, असे जाहीर केले. विरोधकांनी न्यायालयात धाव घेतली. २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने कृषी खात्याची बाजू उचलून धरली. निकाल मान्य नसलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींनी २०१८ पासून सरकारी चिन्हाला जोड म्हणून मातीतील शेतीसाठी ‘रिअल ऑरगॅनिक प्रोजेक्ट’ हे आपले वेगळे चिन्ह सुरू केले.

तरीही एक विसंगती उरलीच. माशांच्या सेंद्रिय संवर्धनाचे नियम अमेरिकेच्या कृषी खात्याने अद्याप केलेले नाहीत. त्यामुळे हौदातील लेट्यूसवर सेंद्रियतेचे चिन्ह लावता येते. परंतु ज्याने त्या लेट्यूसला पोसले, त्या माशावर ते लावता येत नाही.

५. सीमा ओलांडल्यावर

युरोपीय संघात उत्तर अगदी उलटे आहे. २०२२ पासून लागू असलेल्या तेथील नियमांनुसार सेंद्रिय पीक सर्वसाधारणपणे जिवंत मातीत, खालच्या भूस्तराशी जोडलेल्या जमिनीत वाढले पाहिजे. पाण्यात मुळे सोडून वाढवलेल्या भाजीला ते चिन्ह मिळत नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून मोठे केलेले मासेही, बीजसंवर्धनासारखे अपवाद वगळता, तेथे सेंद्रिय ठरत नाहीत. म्हणजे अमेरिकेत जी भाजी सेंद्रिय, ती युरोपात साधी! भाजी तीच, बदलली ती शब्दाची व्याख्या.

भारतात ‘सेंद्रिय’ म्हणून अन्न विकण्यासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका व्यवस्थेचे प्रमाणपत्र लागते. पहिल्या व्यवस्थेत मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते, तर दुसऱ्या व्यवस्थेत शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ साली केलेल्या विनियमांनुसार अशा मालासाठी ‘जैविक भारत’ हे चिन्ह ठरवण्यात आले होते. थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला यातून मर्यादित सूट आहे. पिकांविषयीच्या या नियमांची बैठक जमिनीवरच आहे. रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे येण्याचा काळही जमिनीच्या संदर्भातच मोजला जातो. म्हणून टाकी बांधण्यापूर्वी, पंप घेण्यापूर्वी आणि कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी उत्पादकाने प्रमाणन संस्थेला लेखी प्रश्न विचारून लेखी उत्तर घेणे हिताचे ठरते. चिन्ह मिळाले नाही, तर माल कसा वाढवला हे ग्राहकाला खरेपणाने सांगून विकण्याचा मार्ग त्याला मोकळा आहेच. मात्र ‘सेंद्रिय’ हा शब्द त्याला परस्पर लावता येणार नाही.

माती श्रेष्ठ की पाणी, हा वाद अजून मिटलेला नाही आणि लवकर मिटेल असेही नाही. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बाजारातील शब्द हे नाण्यासारखे असतात. ते ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे पाडता येत नाहीत. सर्वांनी मिळून त्यांचे मोल ठरवावे लागते आणि वेळोवेळी पारखावेही लागते. उत्पादकाने आपण काय करतो हे लपवू नये आणि ग्राहकाने चिन्हाचा अर्थ समजून घ्यावा. असे झाले, तरच त्या शब्दासाठी मोजलेल्या दोन पैशांचे चीज होते.

शब्दार्थ

तराफा – पाण्यावर तरंगणारी सपाट फळी
खाचर – भातासाठी बांध घालून केलेले शेत
खाजन – खाडीलगतची, बांध घालून लागवडीखाली आणलेली जमीन
प्रशस्तिपत्र – चांगुलपणाची लेखी शिफारस
आम्लधर्मी – आंबट गुणधर्माचे
अल्कधर्मी – आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माचे
प्रतिजैविक – रोगजंतूंना मारणारे औषध
विसंगती – मेळ नसणे
चीज होणे – सार्थक होणे

भाषाभ्यास

१. ‘सेंद्रिय’ हा शब्द ‘स + इंद्रिय’ असा बनला आहे. येथे अ + इ = ए असा संधी झाला आहे. ‘स’ म्हणजे सहित. इंद्रियांसहित, म्हणजेच सजीवांशी संबंधित, ते सेंद्रिय. याउलट ‘निर् + इंद्रिय’ यापासून ‘निरिंद्रिय’ हा शब्द होतो. हिंदीत याच अर्थी ‘जैविक’ हा शब्द रूढ आहे. तुमच्या परिसरातील भाषेत कोणता शब्द वापरतात, ते लिहा.

२. ‘मत्स्यपालन’ या सामासिक शब्दाचा विग्रह ‘मत्स्यांचे पालन’ असा होतो. हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. पाठातील ‘शेतीपद्धत’ व ‘जीवनचक्र’ या शब्दांचा विग्रह करा.

कृती

घरातील किंवा दुकानातील एखाद्या अन्नपदार्थाचे वेष्टन घ्या. त्यावर कोणकोणती चिन्हे आहेत ते पाहा. प्रत्येक चिन्ह कशाची ग्वाही देते, हे वहीत एका वाक्यात लिहा.

तुम्ही काय शिकलात

• ॲक्वापोनिक्समध्ये मासे, जीवाणू आणि वनस्पती एकमेकांना आधार देतात.
• सेंद्रिय प्रमाणपत्र पद्धतीची ग्वाही देते. चवीची किंवा सकसपणाची नव्हे.
• अमेरिकेत मातीविना वाढलेल्या भाजीला हे प्रमाणपत्र मिळू शकते. युरोपीय संघात मिळत नाही.
• खर्च करण्यापूर्वी नियम जाणून घेणे हे उत्पादकाच्या हिताचे असते.

पाठान्त प्रश्न

१. ‘जे माशांना विष, तेच शेवटी झाडांना खत ठरते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. २०१७ सालच्या मतदानापूर्वी दोन्ही बाजूंनी मांडलेले मुद्दे समोरासमोर लिहा. तुम्ही मंडळाचे सदस्य असता तर कोणत्या बाजूने मत दिले असते? सकारण लिहा.
३. लेखकाने शब्दाला नाण्याची उपमा का दिली असावी?
४. तुम्हाला ॲक्वापोनिक्सचा व्यवसाय सुरू करावयाचा आहे, अशी कल्पना करा. प्रमाणन संस्थेला माहिती विचारणारे औपचारिक पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) नायट्रेटमध्ये. (आ) झिरो खोऱ्यात पाण्याखाली माती असते. ॲक्वापोनिक्समध्ये माती नसते.
२. (अ) माल ठरवून दिलेल्या पद्धतीने वाढवला गेल्याची. (आ) फवारलेले द्रव्य पाण्यात उतरून माशांना मारते म्हणून.